जुन्या ॲम्बेसेडरला पुढे डिस्क ब्रेक बसवायचे की ड्रमच ठेवायचे?

वणीवाला:
आमच्याकडे १९७४ ची ॲम्बेसेडर मार्क टू आहे, पेट्रोल, चारही चाकांना ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारा डबा, त्याले आतून शू दाबून थांबवते. बाबांच्या वेळची गाडी आहे पण झाकून ठेवायची नाही, वावरात जाते, बाजारात जाते, पाहुणे आले की चिखलदऱ्यालेही जाते. पावसाळ्यात रपट्यावर पाणी साचलेलं असलं की गाडी पलीकडे तर निघते पण मग बराच वेळ पेडल दाबून राहिलो तरी ब्रेक पकडतच नाही, आणि एकदम पकडला तर एकाच बाजूनं, गाडी सरळ कडेच्या पऱ्हाटीकडे ओढते. चिखलदरा उतरताना वेगळाच त्रास, अर्ध्या घाटात पेडल खाली खाली जाते आणि जळक्या लायनरचा, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या पट्टीचा, वास येते.

माझं मत असं की रोज चालवायची गाडी असेल तर पुढे डिस्क, म्हणजे दोन्हीकडून पॅडनं दाबायची उघडी चकती, पाहिजेच. पण जुगाड नको. नंतरच्या ॲम्बेसेडरला कंपनीचेच पुढचे डिस्क यायचे, तशी भंगारातली गाडी पाहून स्टब एक्सल (पुढचं चाक ज्यावर फिरते तो दांडा), हब, डिस्क, कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा), मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा), बूस्टर (पायाच्या जोराले मदत करणारा) सगळं एकाच गाडीचं उचलायचं. गॅरेजवाला म्हणते बोलेरोची डिस्क घेऊ, पट्टी कापून ब्रॅकेट बनवू, अर्ध्या खर्चात होते. मले ते पटून नाही राहिलं. तुमचं काय म्हणणं?

आर्वीचे काका:
माझा साफ विरोध आहे, आणि नुसत्या हौसेपोटी नाही सांगत. तुम्ही जे वर्णन केलं ते ड्रमचे दोष नाहीत, दुर्लक्ष झालेल्या ड्रमचे दोष आहेत. एका बाजूला ओढते म्हणजे एक व्हील सिलेंडर, चाकातला शू ढकलणारा, जाम आहे नाहीतर हबचं सील गळून ग्रीस लायनरवर आलं आहे. ड्रम उघडा, बोट फिरवून पहा, कडेला ओठासारखा कंगोरा तयार झाला असेल, आतून अंडाकृती झाला असेल तर पेडल पायाखाली थरथरते. लेथवर टर्निंग करून घ्या, पण मापात, फार पातळ केला तर तापल्यावर जास्तच फाकतो. नवीन लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवा, नाहीतर टोकंटोकंच टेकतात आणि लोक म्हणतात ड्रमला दम नाही.

दुसरं, कायदा. २०२१ च्या जुलैत विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले. ५० वर्षांवरची गाडी, मूळ रूपात असलेली, मोठा बदल न केलेली. तुमची गाडी त्यात बसते. पुढचा सगळा सांगाडा बदलल्यावर कोणत्या तोंडाने म्हणाल मूळ रूपात आहे? आणि कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या जानेवारीतच सांगितलं आहे.

वणीवाला:
काका, तुमचा मान राखून सांगतो, विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या कामाले वापरताच येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. माझी गाडी वावरात जाते. तो मान मले नकोच, मले गाडी थांबायला पाहिजे. आणि कोर्टाच्या गोष्टीसाठीच तर मी म्हणतो की त्याच कंपनीचे, त्याच गाडीचे डिस्क लावू, आणि आरटीओत विचारून, लेखी घेऊनच.

दारव्ह्याचा जीपवाला:
अबे भाऊ काहून एवढा विचार करून राह्यला, आमच्याकडे जुन्या जीपायले ब्रॅकेट लावून डिस्क बसवलेले हायेत, मस्त चालते. भंगारातली ॲम्बेसेडर भेटली तरी तिचे कॅलिपर गंजलेले भेटतीन, त्यापेक्षा बोलेरोचा नवीन माल दारव्ह्यात दुकानात भेटते, उद्या पॅड घासले तरी उद्याच भेटते. खेड्यात गाडी चालवाची तं स्पेअर जवळ भेटला पाह्यजे, बाकी सगळं नंतर.

यवतमाळचा मेकॅनिक:
जीपवाले भाऊ, स्पेअरचं बोलले ते शंभर टक्के खरं. पण ब्रॅकेटवर काय येते ते समजून घ्या. ब्रेक दाबला की कॅलिपर डिस्कसोबत फिरायला पाहते, त्याला अडवणारे फक्त ते दोन बोल्ट आणि ती पट्टी. वेल्डिंगच्या दुकानात कापलेली साधी पट्टी एक दिवस वेल्डजवळ चिरते आणि ती चीर बाहेरून दिसत नाही. वरून कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर नसला की पॅड तिरपे घासतात. रिमच्या आत कॅलिपर बसते का हेही पाहावं लागते, नाहीतर रिम बदला, मग स्टिअरिंग जड.

आता वणीवाल्या दादांना. डिस्क लावणं म्हणजे चाकाचंच काम नाही. ड्रममध्ये शू ड्रमसोबत ओढला जातो आणि स्वतःच जास्त दाबल्या जातो, म्हणून कमी जोरात काम भागते. डिस्कमध्ये तसं काही नाही, सगळा जोर पायाचा, म्हणून बूस्टर लागतो. कॅलिपरचा पिस्टन मोठा, तेल जास्त लागते, जुना मास्टर तेवढं तेल ढकलत नाही आणि पेडल तळाला जाते. ड्रमच्या मास्टरमध्ये लाईनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असते, साधारण १० पीएसआय. तो डिस्कच्या लाईनीत राहिला की पॅड सुटतच नाहीत, चाक हाताला भाजते. लोक म्हणतात कॅलिपर खराब, अन् खराब असते मास्टर. म्हणून एकाच गाडीचा पूर्ण सेट घ्यायचा हे तुमचं बरोबर. फक्त पैसे देण्याआधी दोन्ही स्टब एक्सल शेजारीशेजारी ठेवून बेअरिंगची जागा आणि बोल्टचे होल व्हर्नियरनं मोजा.

आणि एक विचारतो. घाटात इंजिन बंद करून उतरायची सवय आहे का घरात कोणाले? पेट्रोल वाचवायला आपल्याकडे लय जण करतात. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालते, इंजिन बंद झालं की एकदोन दाबांत मदत संपते, मग पेडल दगड. डिस्क बसवल्यावर ते कायमचं बंद.

अचलपूरकर:
मी रोज घाट चढतो-उतरतो म्हणून लिहितो. एकाच जोराच्या ब्रेकमध्ये ड्रम काय आन् डिस्क काय, चाक दोन्ही जाम करतात, शेवटी थांबवतो टायर. फरक पडतो तो एकामागून एक ब्रेक दाबताना. ड्रम तापला की शूपासून लांब फाकतो, उष्णता आतच कोंडते. डिस्क उघडी, वारा लागते, पाणीही फेकल्या जाते. म्हणजे वणीवाल्यांच्या दोन्ही तक्रारीत डिस्कचीच बाजू खरी आहे. पण दुसऱ्या गिअरमध्ये उतरलं आणि पेडलवर पाय ठेवून बसलं नाही तर चांगले ड्रम चिखलदरा आरामात उतरतात, हेही तेवढंच खरं.

आर्वीचे काका:
हेच तर मी सांगतो आहे! रपट्यानंतर पेडल हलकं दाबून थोडं अंतर चालवा, लायनर गरम होऊन वाळतात. आमच्या पिढीने असंच चालवलं.

वणीवाला:
काका, मी चालवीन तसं. पण गाडी माझी बायको चालवते, पुतण्या चालवते, आणि रपट्याच्या पलीकडे संध्याकाळी बिनदिव्याची बैलबंडी उभी असते, तिच्यावर पोरं बसलेली असतात. प्रत्येकाले ती युक्ती ऐन वेळेवर आठवलीच पाहिजे अशा भरवशावर मी गाडी नाही देऊ शकत.

यवतमाळचा मेकॅनिक:
बरोबर आहे. पण काकांची एक गोष्ट सोडू नका. मागचे ड्रम तर राहणारच आहेत, हँडब्रेकही त्यांच्यावरच आहे. पुढे नवीन डिस्क आणि मागे गळके सिलेंडर असं केलं तर काहीच फायदा नाही. आधी मागचे सिलेंडर, लायनर, सगळे रबरी होज नवीन करा, ब्रेक ऑईल पूर्ण बदला, ते हवेतलं पाणी पिते, घाटात उकळून पेडल खाली जाण्याचं तेही एक कारण असते. मग रिकाम्या रस्त्यावर हळू स्पीडमध्ये जोरात दाबून पहा, मागची चाकं आधी जाम झाली तर मागच्या लाईनीत प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लागेल. त्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका.

आर्वीचे काका:
ठीक आहे, गाडी तुमची. माझी एकच विनंती, जुने ड्रम, बॅकप्लेट, स्टब एक्सल, काही म्हणजे काही भंगारात देऊ नका. तेल लावून, पोत्यात बांधून ठेवा, बोल्टसुद्धा. पुतण्याला उद्या गाडी मूळ रूपात करावीशी वाटली तर हा माल कुठेच मिळणार नाही.

वणीवाला:
हे मान्य काका, ठेवतो बांधून. कोणाले नागपूर-अमरावतीकडच्या भंगारात डिस्कवाली ॲम्बेसेडर दिसली तर सांगा, पुढचा भाग ठोकलेली नको.