कानबाईच्या दिवसांत वृद्धाश्रमाचं फाटक बंद ठेवावं का?

तापीकाठ
आपल्याकडे फ्लूचा मोठा भर जुलै ते सप्टेंबर आणि दुसरा, लहान, जानेवारी ते मार्च. कानबाई, म्हणजे आपल्या खानदेशातला देवीचा सण, नेमकी श्रावणात. भाऊबंद गावी जमतात आणि त्याच फेरीत आश्रमातल्या आजी-आजोबांना भेटून जातात. म्हणून काही चालक महिनाभर भेटी बंद करतात. मला हे चुकीचं वाटतं. पाहुणा तासभर बाजेशेजारी बसतो आणि जातो. अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या मावशींचा हात मात्र रोज प्रत्येकाला लागतो आणि संध्याकाळी त्या शाळकरी पोरांच्या घरी परततात. लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच विषाणू पसरायला लागतो, त्यामुळे खोकणाऱ्याला फाटकावर अडवून काम भागत नाही.

खरी तयारी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारासच व्हायला हवी. एप्रिल-मेमध्ये सगळ्या रहिवाशांना फ्लूची लस, आणि स्वयंपाकी, सफाईवाले, वॉचमन यांनाही. अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन आठवडे लागतात, म्हणून पहिला पाऊस पडल्यावर धावपळ करणं उशिराचं. ही लस दरवर्षी घ्यावी लागते. विषाणू बदलतो आणि आधीच्या लसीचा जोरही ओसरतो.

सातपुडा_७
भाऊ, नाही पटत. ऐंशीच्या पुढे लसीला शरीराचा प्रतिसाद मुळातच कमी असतो. मग भिस्त लसीवर का ठेवायची? फाटक बंद करायला पैसा लागत नाही. कर्मचाऱ्यांच्या लसीचं म्हणाल, तर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही तिने रहिवाशांचा फ्लू कमी होतो याचा भक्कम पुरावा सापडलेला नाही.

पांझराकाठची सिस्टर
आढाव्याचं बरोबर आहे, पण अर्धंच सांगितलंत दादा. ब्रिटनमधल्या चाचण्यांत कर्मचाऱ्यांना लस दिलेल्या ठिकाणी रहिवाशांचे मृत्यू कमी दिसले. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फ्लूमध्ये तेवढा फरक दिसला नाही, म्हणून आढावा सावध बोलतो. पुरावा कच्चा आहे, उलटा नाही. महिनाभर कुलूप लावण्यामागे तर तेवढाही पुरावा नाही. आणि त्याला पैसा लागत नसला तरी किंमत आहे. लेक समोर बसली तरच चार घास खाणाऱ्या आजी असतात. भेट बंद झाली की जेवण तुटतं, पाणी कमी होतं, आणि अशक्त शरीराला न्यूमोनिया लवकर गाठतो.

फाटकावर तीन प्रश्न विचारा: ताप, खोकला, घरात कोणी आजारी? एकाचंही उत्तर हो आलं तर आत सोडू नका. बाकीच्यांना मास्क द्या, हात धुवायला लावा आणि हॉलऐवजी ओसरीत बसवा.

विषाणूची आतली वाट मात्र रोज डोळ्यांपुढे असते. एकच ओला पंचा घेऊन ओळीने सहा जणींची तोंडं पुसली जातात. मिसरीची डबी या बाजेवरून त्या बाजेवर फिरते, बोट तोंडात जातं आणि परत डबीत. माठावर एकच पेला असतो. पंचा, डबी, पेला ज्याचा त्याचा, नाव घालून. हे आधी करा, मग कुलपाचं बोलू.

गोळी-औषध
एप्रिल-मेची वेळ बरोबर आहे, पण जळगाव-भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत लस आणणार कशी, हे कोणी बोलत नाही. ती 2 ते 8 अंशांतच राहायला हवी, आणि गोठली तर वाया. लोक घाईत फ्रीझरमधला दगडासारखा आइसपॅक थेट कुपीला लावतात आणि लस तिथेच बिघडते. पॅक बाहेर ठेवा. हलवल्यावर आत पाण्याचा खळखळ आवाज आला की मगच डब्यात घाला. आश्रमाच्या फ्रिजमध्ये साठा करूच नका, भारनियमनात तो भरवशाचा नाही. ज्या सकाळी टोचायची त्याच सकाळी मोजून आणा.

सातपुडा_७
हे मान्य. पण साथ आत शिरल्यावर काय? तेव्हा तरी फाटक बंद कराल की नाही?

तापीकाठ
तेव्हा करायचंच, पण खूण ठरवून. 72 तासांच्या आत दोघांना फ्लूसारखी लक्षणं दिसली आणि त्यातल्या एकाची तपासणी पॉझिटिव्ह आली, की साथ समजायची. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. ती बरेच रुग्ण चुकवते, प्रयोगशाळेतल्या जास्त अचूक आरटी-पीसीआर तपासणीला नमुना पाठवा. आणि म्हाताऱ्यांत ताप शोधत बसू नका. अचानक बरळणं, जेवण टाकणं, उठताना पडणं, एवढंच दिसू शकतं. थर्मामीटर 100 दाखवत असेल तर तो तापच.

आजारी माणूस वेगळ्या खोलीत. खोली नसेल तर आजारी एका टोकाला, मध्ये निदान सहा फूट, आणि त्यांच्यासाठी ठरलेल्याच मावशी. हॉलमधला कूलर आजाऱ्यांकडून निरोग्यांकडे वारा फेकत असेल तर त्याचं तोंड फिरवा. डासांमुळे खिडक्या लावून घेतात, त्यांना जाळी बसवा आणि समोरासमोरच्या उघड्या ठेवा. कठडे, नळ, रिमोट पुसायला 5 टक्क्यांचं ब्लीच 20 मिली, पाणी 1 लिटर, रोज ताजं.

डॉ. गिरणा
आणि ओसेल्टामिविर, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरचं औषध? उपचाराला 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 5 दिवस. पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोग, म्हणून रिपोर्टची वाट पाहायची नाही. साथ ठरली की निरोगी रहिवाशांनाही रोज एक, किमान 2 आठवडे आणि शेवटच्या रुग्णानंतर 7 दिवस होईपर्यंत. 30 जणांना 14 दिवस म्हणजे 420 कॅप्सूल.

माझा विरोध सरसकट वाटण्याला आहे. 82 वर्षांच्या, 45 किलोच्या आजींचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.1 आलं तर कागदावर नॉर्मल दिसतं. हिशोब करा: 140 वजा 82 म्हणजे 58, गुणिले 45, भागिले (72 गुणिले 1.1), आणि बाई म्हणून गुणिले 0.85. उत्तर 28, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला साधारण 28 मिलीच गाळतं, औषध अंगात साठतं. या आजींना प्रतिबंधासाठी 30 मिलिग्रॅम एक दिवसाआड पुरतं, रोज 75 देणं चूक. साथीच्या रात्री हे कोण मोजत बसणार? म्हणून आखाजीला लस टोचताना प्रत्येकाचं वजन आणि त्या वर्षीचं क्रिएटिनिन वहीत लिहा, आणि डॉक्टरांकडून डोस आधीच ठरवून घ्या.

सातपुडा_७
चला, महिनाभराच्या कुलपाचा आग्रह सोडतो. साथ लागली तरच फाटक बंद. पण आजारी मावशी कामावर येणं कसं थांबवणार? रोजंदारी बुडते म्हणून त्या ताप लपवतात.

पांझराकाठची सिस्टर
त्यांची रोजंदारी कापू नका. गोळीशिवाय ताप उतरून 24 तास होईपर्यंत पगारी सुट्टी, आणि बदली मावशीचं नाव जूनमध्येच ठरवून ठेवा. हे चालकांना कबूल नसेल, तर माझ्या मते लसीवरचा अर्धा खर्च पाण्यात.

डॉ. गिरणा
एक राहिलं. उतरलेला ताप चौथ्या-पाचव्या दिवशी परत चढला, श्वास जलद झाला किंवा ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली गेला, तर आश्रमात ठेवू नका. तो न्यूमोनिया असू शकतो. रुग्णवाहिकेचा 108 नंबर फाटकाच्या आतल्या बाजूला, रात्रीच्या मावशीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून लावा.