मदत हवी आहे: आवाज रेकॉर्डिंगसाठी छोटा यूएसबी प्रीअँप (माईकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र)
मंडळी, मी अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून लॅपटॉपवर रेकॉर्ड करते. माईक शुअरचा एसएम ५८, डायनॅमिक आहे, त्यामुळे त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला दिली जाणारी वीज) लागत नाही पण गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, भरपूर लागतो, आणि माझा आवाज मुळात हळू. आत्ता माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या स्वस्त अडॅप्टरचा गेन पूर्ण वर नेला की मागे सूं असा आवाज येतो, वाक्य संपवून श्वास घेतला की तोच ऐकू येतो, आणि सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन (मागचा आवाज काढणं) लावलं तर स आणि श पार बोथट होतात, मुलांना शब्द नीट कळायला हवा ना! यूएसबीवरच चालणारा, ६० डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास स्वच्छ गेन देणारा छोटा प्रीअँप कोणी वापरलाय का? हेडफोन थेट त्यालाच लागायला हवेत, लॅपटॉपमधून ऐकलं की स्वतःचाच आवाज उशिरा येतो आणि मी अडखळते. बजेट १० हजार.