मदत हवी आहे: 67व्या वर्षी नेदरलँड्समध्ये कोणती सायकल घ्यावी?

सदाफुली | मार्च 2021

नमस्कार मंडळी,

आधी प्रश्न, मग पाल्हाळ. वय 67, उंची पाच फुटांना इंचभर कमी, उजव्या गुडघ्याची झीज सुरू झालेली, बीपीची गोळी चालू, मुक्काम आम्स्टलवेन. सायकल घ्यायची आहे. साधी घ्यावी की बॅटरीवाली? आणि डच मापाच्या सायकलीवर माझ्यासारखीचे पाय पुरतात का? ज्यांनी साठीनंतर इथे सायकल चालवली आहे किंवा आईला, सासूबाईंना घेऊन दिली आहे, त्यांनी कृपया लिहा. ‘घरातच योगासनं कर’ हा सल्ला लेकीकडून रोज मिळतो, तो सोडून बाकी सगळं चालेल.

इथे येऊन वीसेक वर्षं झाली. नोकरी होती तोवर ट्राम नाहीतर गाडी. सायकली फक्त मुलांच्या. निवृत्त झाल्यावर पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग लावला होता आणि तो गुडघ्याला मानवलाही होता. डिसेंबरच्या मध्यापासून कोरोनामुळे तलाव, जिम, सगळ्याला कुलूप. चालायला जाते, पण विटांच्या फुटपाथवर अर्ध्या तासात गुडघा कुरकुरायला लागतो. घरी दिवसाला एकच पाहुणा, रात्री नऊनंतर संचारबंदी, लशीचं पत्र अजून आलेलं नाही. वजन वाढलं, झोप गेली, साखर काठावर आली. आमच्या हाउसआर्ट्स (फॅमिली डॉक्टर) फोनवर म्हणाल्या, सायकल सुरू करा. डच डॉक्टरांकडे औषधं दोनच, पॅरासिटामॉल आणि सायकल, हे इथल्यांना सांगायला नको. पण या वेळी दुसरं औषध पटलं.

मला सायकल येत नाही असं नाही. सत्तरच्या दशकात सदाशिव पेठेतून कॉलेजला सायकलनंच जायचे. लेडीज सायकल, दांडीचे ब्रेक, पुढे डबा ठेवायला बास्केट. साडी नेसूनही चालवली आहे. त्यामुळे शेजारच्या बाईंनी (वय 74, डच, बॅटरीवाल्या सायकलला दोन्हीकडे पिशव्या अडकवून वाऱ्यात ताठ बसून जातात) त्यांची जुनी साधी सायकल इमारतीच्या मागे चालवून बघायला दिली, तेव्हा मला वाटलं की त्यात काय. सीट पार खाली केली तरी बसल्यावर पायाचा अंगठा जेमतेम टेकत होता. निघताना पुण्याच्या सवयीनं पेडल उलटं फिरवून वर आणायला गेले, तर सायकल जागच्या जागी थांबली, कारण ब्रेक पेडलमध्येच! चालायला लागल्यावर मात्र तोल आपोआप सांभाळला गेला. त्या पाच मिनिटांत इतकं बरं वाटलं की काय सांगू. थांबायची वेळ आली की पोटात गोळा यायचा. चालवताना पडेन असं वाटत नाही, उतरताना पडेन असं वाटतं.

लेक रॉटरडॅमला असते. तिचं म्हणणं, ‘आई, आत्ता हाड मोडून घेऊ नकोस, हॉस्पिटलं आधीच भरलीत.’ तिचं चूक नाही. ह्यांचं म्हणणं, बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीनं व्यायाम कसला होतो? शिवाय किंमत दोन-तीन हजार युरो, आणि सायकल तळघरातल्या बेर्खिंगमध्ये, म्हणजे सामानाच्या खोलीत, जिथे प्लग नाही.

आणखी एक, वारा. आम्सटर्डामसे बोसमध्ये झाडीमुळे ठीक असतं, पण आम्स्टल नदीच्या काठानं औडरकेर्क गावाकडे जाताना मोकळ्यावर चालतानासुद्धा छातीत वारा भरतो. सायकलवर काय होईल?

३ मार्चपासून वेळ घेऊन दुकानात जाता येतं, म्हणून आत्ता विचारते आहे. दुकानदारानं भलतंच गळ्यात मारायच्या आत काय विचारायचं ते कळलं तर बरं.

*

उत्रेख्तकर

सदाफुलीताई, बॅटरीवाली घ्या. काकांना सांगा, मोटर पेडल मारल्याशिवाय चालत नाही, ताशी 25 किलोमीटरला तिची मदत थांबते आणि किती मदत घ्यायची ते आपल्या हातात असतं. साध्या सायकलवर वाऱ्याचे दिवस घरात बसण्यात जातात. बॅटरीवालीवर माणूस जास्त वेळा बाहेर पडतो आणि जास्त लांब जातो, हिशेब तिथे भरून निघतो. 45वाली वेगवान असते ती बघूसुद्धा नका, तिला नंबरप्लेट, हेल्मेट सगळं लागतं.

दुकानात मोटर कुठे आहे ते विचारा. पुढच्या चाकात असली तर सायकल स्वस्त पडते, पण ओल्या पानांवर वळताना ते चाक ओढ घेऊन घसरू शकतं. पेडलपाशी, मध्ये असलेली चांगली, वजन मध्यावर आणि खाली राहतं. मग सेन्सर विचारा. काहींना पेडल फिरतंय एवढंच कळतं. त्या निघताना एकदम धक्का देतात आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहतात. उतरायची भीती असेल तर हे अजिबात नको. पायाचा जोर ओळखणारा सेन्सर मागा, तो जोर लावाल त्या प्रमाणात मदत करतो.

उलट्या पेडलचा ब्रेक नको असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये ‘फ्रायलोप’ मिळते, म्हणजे दोन्ही ब्रेक हाताशी आणि पेडल मागे मोकळं फिरतं. दुकानदार आपणहून सांगत नाही कारण डच गिऱ्हाईक सहसा विचारत नाही.

बेर्खिंगचं टेन्शन घेऊ नका. बॅटरी किल्लीनं निघते, तीनेक किलोची असते, पिशवीत घालून लिफ्टनं वर न्यायची. थंडीत तशीही ती घरातच ठेवावी, गारठ्यात पल्ला बराच कमी होतो. बॅटरीसकट सायकलचं वजन मात्र 25 किलोच्या आसपास जातं, हे दुकानात हातानं ढकलून, वळवून बघा.

तीनचाकीच्या नादाला लागू नका. माझ्या सासूबाई मागच्या वर्षी विमानं बंद झाल्यावर इथे अडकल्या, त्यांच्यासाठी भाड्यानं आणली होती. तीनचाकी वळणावर कलत नाही. ज्याला दोनचाकीची सवय आहे तो अंग कलवतो आणि गाडी भलतीकडे जाते. ज्यांनी कधीच सायकल चालवली नाही त्यांना ती बरी.

*

हातमोजे (लीड्स)

मी फिजिओ आहे, तुमचा गुडघा बघितलेला नाही, त्यामुळे सर्वसाधारण सांगते.

ताई, तुमची खरी अडचण बॅटरी की साधी ही नाहीच. गुडघ्याला सीट उंच हवी आणि भीतीला सीट खाली हवी, अडचण ही आहे. पाय टेकावेत म्हणून सीट खाली केली की प्रत्येक फेरीत गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. त्या पाच मिनिटांत जाणवलं नसेल, पण अर्ध्या तासात जाणवेल. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. साधारणपणे गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर फार वर.

यावर तोडगा म्हणून पेडल सीटच्या बरंच पुढे असलेली चौकट मिळते. बसल्यावर दोन्ही पावलं टेकतात आणि चालवताना पाय पुढे पुरेसा लांब होतो. ज्येष्ठांसाठी म्हणूनच त्या बनवतात. नेदरलँड्समध्ये नक्की मिळतील. आधी ती बघा, मोटरचं नंतर.

चालवताना हलका गिअर ठेवून पाय भराभर फिरवा. जड गिअरवर जोर काढणं म्हणजेच गुडघ्याचं नुकसान. बीपीची गोळी बीटा ब्लॉकर असेल (मेटोप्रोलॉल वगैरे) तर मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका, त्या गोळीनं ठोके फारसे वाढत नाहीत. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की पुरे. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टरांना फोन.

आणि लेकीला एकदम उडवून लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर 2020मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, आणि ज्येष्ठांसाठी शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद. सायकलवर वजन सीट पेलते, त्यामुळे हाडांना त्याचा फारसा उपयोग नाही. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, हे घरात करायचंच आहे. उतरताना जो पाय टेकवता त्याच्यातली ताकद यातूनच येते.

*

पेठकरी

तिकडे हेल्मेटसक्ती नाही असं ऐकलं. आम्हा पुणेकरांसाठी राजकीय आश्रयाची काही सोय आहे का?

*

उत्रेख्तकर

@पेठकरी, सक्ती नाही, तरी ताईंनी घालावं. इकडे हेल्मेट घातलेला दिसला तर तो रेसिंगवाला, पर्यटक नाहीतर जर्मन, असं समजतात. समजू देत.

ताई, वाऱ्याचं राहिलं. इथले लोक वारा बोफर्टमध्ये मोजतात. सुरुवातीला चारच्या वर असेल त्या दिवशी मोकळ्यावर जाऊ नका, बोसमध्येच फिरा. निघायच्या आधी बाउनराडार या हवामानाच्या ॲपवर पाऊस आणि वाऱ्याची दिशा बघून जाताना वारा समोरून घ्यायचा आणि येताना पाठीवर. उलट केलंत तर जाताना आपण फार फिट आहोत असं वाटतं आणि परतताना रडू येतं. आम्स्टलच्या काठाला शनिवार-रविवारी जाऊ नका, बांधावरचा रस्ता अरुंद आणि रेसिंगवाल्यांच्या झुंडी मागून ओरडत येतात. मंगळवारी सकाळी दहाला तुम्ही आणि बदकं.

थांबण्याची सवय रिकाम्या पार्किंगमध्ये करा. वेग कमी झाला की दोन्ही ब्रेक हळू दाबत सीटवरून पुढे घसरायचं आणि एक पाऊल पूर्ण टेकवून सायकल त्याच बाजूला कलवायची. बाजू कायम तीच. ओढणी घरी ठेवा. लांब कोटासाठी मागच्या चाकाला दोन्हीकडून झाकण असतं, तसलीच सायकल घ्या.

‘डोअरत्रापन’ नावाचा ज्येष्ठांसाठी सुरक्षित सायकलिंगचा कार्यक्रम बऱ्याच नगरपालिका चालवतात. तुमच्या खेमेन्तेत (नगरपालिकेत) आहे का, आणि आत्ता चालू आहे का, फोन करून विचारा.

*

सदाफुली

सगळ्यांचे आभार. @हातमोजे, पुढे पेडल असलेली चौकट हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. दुकानात फोन केला. त्यांच्याकडे तसली एक आहे, मध्ये मोटर, फ्रायलोप, सगळ्यात लहान मापाची, शनिवारी अकराची वेळ मिळाली आहे. गोळी मेटोप्रोलॉलच निघाली. शेजारच्या बाई म्हणाल्या, पहिले काही दिवस मी बरोबर येते, सध्या बाहेर दोघींना परवानगी आहेच, आणि शेजारी शेजारी सायकल चालवायलाही इथे कायदा आड येत नाही.

ह्यांना किंमत ऐकून घाम फुटला, त्यामुळे एक शेवटची विचारणा: आम्स्टलवेन, आम्सटर्डाम, आल्समेर परिसरात कोणाकडे अशी बुटक्या माणसाची, कमी वापरलेली सायकल विकायची असेल तर शुक्रवारच्या आत व्यनि करा. बॅटरी किती जुनी आहे तेही कळवा.