मदत हवी आहे: अडत दुकानाच्या सर्व्हरला किती टीबीची डिस्क घ्यावी?

नमस्कार मंडळी, सांगलीत हळदीच्या अडत दुकानात अकाउंट बघतो, कॉम्प्युटरचं पण माझ्याच गळ्यात पडलंय कारण बाकी कुणाला पासवर्ड पाठ नसतात. गेल्या आठवड्यात ऐन सौद्याच्या वेळी सर्व्हरची डिस्क फुल्ल झाली, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) सेव्ह होईना, बाहेर शेतकरी पट्टीसाठी (विक्रीच्या हिशोबाची पावती) ताटकळलेले आणि मी आत रिसायकल बिन रिकामं करतोय.

डिस्क १ टीबीची, विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते (कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं, हे आत्ता कळलं). मला वाटलं टॅली फुगली असणार, बघतो तर टॅलीचा सगळा डेटा ६ जीबी! पण रोज रात्री त्याचा अख्खा बॅकअप त्याच डिस्कवर पडतोय आणि जुना कुणी पुसतच नाही, १०० दिवसांत ६०० जीबी तिथंच गेले. त्यात भर फोटोंची. सीझनला रोज दीडशे पट्ट्या, प्रत्येकीचे तीन फोटो, वजनाची चिठ्ठी, पट्टी आणि गाडी, एक फोटो ४ एमबी म्हणजे दिवसाला १.८ जीबी, शंभर दिवसांच्या सीझनला १८० जीबी.

आता शेठ म्हणतात एकदाच काय ते घे, परत सहा वर्षं माझ्याकडं यायचं नाही. जीएसटीचे रेकॉर्ड पण वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने ठेवायला लागतात. दुकानदारानं ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये (सगळ्या जोडून एकच डिस्क, एक बिघडली तरी डेटा राहतो) सांगितल्यात, वापरायला १२ टीबी, आणि आठ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग पण त्यातच टाका म्हणतोय. हे लई होतंय का? आणि रेड असलं की बॅकअप लागत नाही म्हणाला, खरं का?

प्रतिसाद १
नाही भावा. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तर काम चालू राहतं, एवढंच. चुकून फोल्डर डिलीट केला की तो सगळीकडनंच जातो.
कॅमेरे आधी वेगळे काढ. एक कॅमेरा २ एमबीपीएसनं (सेकंदाला २ मेगाबिट) चालला तर दिवसाला २१.६ जीबी खातो, आठांचे १७३, महिन्याचे ५.२ टीबी. तुझ्या १२ टीबीतले जवळजवळ निम्मे तिथंच गेले की. डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी) त्याची ६ टीबीची डिस्क दे, जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसत जाईल.
राहिले फोटो, सहा सीझनचे १.०८ टीबी. टॅलीचे शेवटचे ३० बॅकअप ठेव, १८० जीबी. २ टीबीच्या दोन डिस्क मिरर केल्या (दोन्हीवर तोच डेटा) तरी बास. फोटो स्कॅन ॲपमधनं ब्लॅक अँड व्हाइट काढलेत तर अजून निम्म्यानं तरी कमी होतील.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. फक्त बॅकअप दुसऱ्या जागी पण ठेवा. २०१९ ला आमच्या गणपती पेठेतल्या दुकानात पाणी शिरलं तेव्हा सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाखाली होती. आता दोन एक्स्टर्नल डिस्क आलटून पालटून वापरतो, एक कायम घरी.

धागाकर्ता
धन्यवाद दोघांना! आमचा सर्व्हर पण टेबलाखालीच आहे, उद्या पहिला तो पोटमाळ्यावर हलवतो. कोटेशनवर शेठची सही व्हायची होती, थांबवलंय. एकच राहिलं, मिररच्या दोन डिस्क एकाच वेळी घेतल्या तर एकदमच खराब होतील असं मित्र म्हणतोय, वेगवेगळ्या दुकानातनं घेऊ का?