सोडा मशीनमधून नुसता फेसच येऊन राहिला, काय करावं?

खारपाणपट्टा_०७:
नमस्कार भाऊ लोक, दर्यापूर तालुक्यात आमच्या गावात स्टँडजवळ टिनाच्या शेडमधी सोडा मशीन टाकली आहे, सहा फ्लेवरची, सेकंड हँड. मार्चपर्यंत मस्त चालली पण एप्रिल लागला तसा पाऊण ग्लास फेस अन् पाव ग्लास सोडा. गिऱ्हाईक फेस बसायची वाट पाहत उभं राहते, बसला की ग्लास अर्धा, मग वरून परत भरून द्या लागते, अन् एवढं करून म्हणते सोड्यात झणका नाही. २० रुपयांत दीड ग्लास जाऊन राहिला. गॅस कमी केला तर एकदम फिका, वाढवला तर पिचकारी. चिलर आहे पण दुपारी लाईन जाते ती तीन-चार तास येत नाही. मशीनच खराब आहे का? धंदा दोन महिन्यांचा, कोणाले माहीत असेल तर सांगा बाप्पा.

अकोला_रेफ्रिजरेशन:
मशीनले काही झालं नाही, पाणी गरम आहे. सोड्याचा गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तो थंड पाण्यातच मुरते. शून्य अंशाच्या पाण्यात जेवढा मावते त्याच्या जवळपास अर्धाच २० अंशाच्या पाण्यात मावते, बाकीचा नळ उघडला की फेस होऊन पळते, म्हणून फेसही जास्त अन् झणकाही नाही. एक करून पाहा, अर्धा तास कोणी आलं नसेल तेव्हा लागोपाठ तीन ग्लास काढा. पहिला फेसाळ अन् तिसरा चांगला आला तर फक्त नळाजवळची नळी तापली आहे. तिन्ही फेसाळ आले तर चिलर पुरत नाही. लाईन गेली की चिलरमधल्या कॉइलवर, म्हणजे नळीच्या वेटोळ्यावर, बर्फ टाकाच, त्याले पर्याय नाही.

टॅपवाला:
वरचं बरोबर आहे. मी पुण्यात एका बारमध्ये ड्राफ्ट बिअरच्या टॅपवर होतो, तिथं पण हेच. केग म्हणजे बिअरचं पिंप फ्रिजमध्ये ३ अंशावर, पण वरचा टॅप बाहेर गरम, त्यामुळे पहिला ग्लास फेसाचाच. नवीन पोरं घाबरून प्रेशर कमी करत, मग गॅस नळीतच सुटायला लागे अन् फेस अजून वाढे. बिअरला १०-१२ पीएसआय प्रेशर पुरते, सोड्याला कितीतरी जास्त लागते, तो आकडा तुमच्या मशीनला लावू नका. नळ मात्र पूर्ण उघडा, अर्धा उघडला की फेस झालाच समजा. ग्लास तिरपा धरा.

पूर्णाकाठ:
भाऊ पाणी कोणतं वापरता? आपल्याकडचं बोअरचं पाणी खारं, नोजलमधी पांढरा थर बसते, तो खरबडीत असते अन् तिथंच गॅस सुटते. माझं नोजल काढलं तर आतून चुन्यासारखं झालं होतं. लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवलं, सकाळी ब्रशनं साफ. आता आरओचंच पाणी देतो. अन् जिरा मसाला, काळं मीठ वरून टाकू नका, त्यानं सोडा उसळतेच, आधीच सिरपमधी विरघळवून ठेवा.

अकोला_रेफ्रिजरेशन:
अजून एक, हे हलक्यात घेऊ नका. सिलिंडर उन्हात ठेवू नका. ३१ अंशाच्या वर त्यातला गॅस लिक्विड राहतच नाही अन् आपल्याकडे मे महिन्यात ४५ जाते, प्रेशर भयंकर वाढते. सावलीत, उभा, साखळीनं बांधून. आडवा केला तर लिक्विड रेग्युलेटरमधी घुसते. किती गॅस उरला ते काट्यावर वजन करून पाहा, गेजवर जाऊ नका.

खारपाणपट्टा_०७:
तीन ग्लास काढून पाहिले, तिसराही फेसाळच. झाकण उघडलं तर कॉइल अर्धी उघडी, पाणी कोमट. २ लादी बर्फ टाकला अन् नळीले ओलं गोणपाट गुंडाळलं. नोजल उद्या उघडतो. सिलिंडर तर मी शेडच्या मागं उन्हातच ठेवला होता, आताच आत घेतला. संध्याकाळी बाजारातल्या गर्दीत एकही ग्लास परत भरून द्या लागला नाही. लाईन गेल्यावर एक लादी किती वेळ पुरते तुमच्याकडे?

पूर्णाकाठ:
गोणपाटात अन् भुशात ठेवली तर दुपार निघते. फोडून टाकली तर दोन तासही नाही.