सिद्धेश्वर यात्रेवर गेम करतोय: कथा खेळात उतरवायची कशी?

सात_रस्ता
सोलापुरातले आम्ही तिघं गोडोट ४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये छोटा टू-डी गेम करतोय. विषय सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा: नंदीध्वजांची (उंच काठ्यांची) मिरवणूक, ६८ लिंगांची प्रदक्षिणा, अक्षता सोहळा (प्रतीकात्मक लग्न). पहिला नमुना चालतो, पण खेळताना तो उड्या मारायच्या कुठल्याही गेमसारखाच वाटतो. नावं तेवढी आपली. गॉड ऑफ वॉर, हेडीज, ओकामी या गेममध्ये पुराणकथा खेळात मुरलेली असते. ते कसं साधतात? आणि आमचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर (सिद्धेश्वर) यांना खेळाडूच्या हातात द्यावं का, यावर आमचं एकमत होत नाहीये.

कंबर_तलाव
कथेतली पात्रं उचलू नका, कथेतली अट उचला. २०१८च्या गॉड ऑफ वॉरमधला बाल्डर हा देव बघा. नॉर्स कथेत त्याची आई त्याला इजा न करण्याची शपथ साऱ्या वस्तूंकडून घेते, मिसलटो हे बांडगूळ तेवढं राहून जातं. गेममध्ये क्रेटॉस (खेळाडूचं पात्र) आपल्या पोराच्या भात्याचा तुटलेला पट्टा बांडगुळाच्या बाणाचं टोक खोचून जोडतो. तास न् तास ते टोक आपल्यासमोर असतं. शेवटी बाल्डर त्यावरच बुक्की मारतो, टोक हातात घुसतं आणि त्याला पहिल्यांदा वेदना कळते. तोवर मारलेला एकही घाव त्याला लागलेला नसतो. कथेतली अटच इथे लढाईचा नियम झाली.

हेडीजमध्ये तुम्ही पाताळातून पळू पाहणारा मुलगा असता; मेलात की तिथल्या स्टिक्स नदीतून पुन्हा बापाच्या घरात येता, म्हणजे हरणंसुद्धा कथेचाच भाग. ओकामीत सूर्यदेवी अमातेरासू लांडग्याच्या रूपात आहे. ब्रशने आकाशात गोल काढला की सूर्य उगवतो.

तुमच्याकडच्या अटी: नंदीध्वज पेलायचा असतो आणि अक्षता वेळेवर टाकायच्या असतात. उड्या काढून टाका, गेमला त्यांची गरज नाही.

६८ लिंगं मात्र ‘गोळा करा’ प्रकारात घालू नका. एकेकाला २ मिनिटं धरली तरी १३६ मिनिटं एकच काम होतं, दहाव्यानंतर खेळणारा उठून जाईल. ध्वज सात आहेत, तर वाट सात टप्प्यांत तोडा: पाच टप्पे १०-१० लिंगांचे, दोन ९-९चे. प्रत्येक लिंगापाशी क्षणभर थांबा, तिथे तोल पूर्ववत होतो.

विडी_घरकुल
पेलण्याचं गणित देतो, कारण बहुतेक जण इथेच फसतात. काठीला तळाशी बिजागर आहे असं धरा. कोनाचं त्वरण = (३ × ९.८ ÷ (२ × लांबी)) × साइन(कोन). लांबी ९ मीटर धरली तर कंसातला आकडा १.६३ येतो, १ मीटर धरली तर १४.७. आखूड काठी साधारण पाव सेकंदात हाताबाहेर जाते, उंच काठी पाऊण सेकंद देते. म्हणून खेळ अवघड करायचा तर काठी वाढवू नका. वारा वाढवा, रस्ता अरुंद करा.

२० अंशांवर तोल गेला असं ठरवा. तिथे ९ मीटरच्या काठीचं कलण्याचं त्वरण ०.५६ असतं, तर बटण दाबून काठी सावरण्याचा जोर १.१ ठेवा, म्हणजे दुप्पट. ०.६ ठेवलात तर कडेवरून परत येणं जवळपास अशक्य, ३ ठेवलात तर काठी विंडशील्डच्या वायपरसारखी हलते.

तीन चुका नक्की होतील. गोडोटचं साइन रेडियन मागतं, अंश दिलेत तर काठी वेडीवाकडी नाचेल. हिशोब गोडोटच्या फिजिक्स प्रोसेसमध्ये करा, तिथे सेकंदाला ६० ठरलेले टिक (हिशोबाच्या पायऱ्या) असतात. साध्या प्रोसेसमध्ये (ती चित्राच्या प्रत्येक फ्रेमला चालते) केलात तर स्वस्त मोबाईलवर काठी वेगळी वागेल. आणि सुरुवात बरोबर ० अंशावर केलीत तर काठी कधीच कलणार नाही, अर्धा अंश तिरपी सुरू करा.

नवी_पेठ_९
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ग्रीक देवांशी कसंही खेळता येतं, कारण आज त्यांच्या दारात रोजची रांग नाही. ग्रामदैवताचं तसं नाही. स्माइट या गेममधल्या कालीच्या तोकड्या वेशावर हिंदू संघटनेने आक्षेप घेतला होता, तेव्हाही मुद्दा हाच होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०च्या राजी या गेममध्ये चांगली वाट काढलीय: खेळाडू म्हणजे भावाला शोधणारी साधी मुलगी, दुर्गा आणि विष्णू फक्त बोलतात आणि शस्त्रं देतात. अलास्कातल्या इन्यूपियाट लोकांच्या कथेवरचा नेव्हर अलोन (२०१४) तर त्या समाजाला सोबत घेऊनच केला.

खेळाडू बाराबंदीतला ध्वज पेलणारा माणूस ठेवा. सिद्धरामेश्वर दिसायला नकोत, त्यांची कन्नड वचनं ऐकू येऊ द्या. हरल्यावर ध्वज जमिनीवर आपटलेला दाखवू नका हो! सोबतचे हात पुढे येऊन सावरतात आणि मिरवणूक दहा सेकंद मागे पडते, एवढी शिक्षा पुरे.

सात_रस्ता
हे लई कामाचं आहे. अक्षता सोहळा मग तालाचा खेळ करतो: ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ हा घोष झाला की अक्षता टाकायच्या. पण चाचणीत प्रत्येक वेळी उशिराच पडतात.

विडी_घरकुल
टायमरने मोजत असाल. आवाज कुठवर वाजलाय ती वेळ घ्या, त्यात शेवटच्या मिक्सनंतरचा (आवाजाचा मागचा तुकडा तयार झाल्यापासूनचा) वेळ मिळवा आणि आउटपुट लेटन्सी (आवाज स्पीकरपर्यंत पोचायला लागणारा उशीर) वजा करा. तिन्ही आकडे गोडोट देतं. आधी-नंतर १०० मिलिसेकंदांची सूट ठेवा. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर याहून जास्त असू शकतो, म्हणून सुरुवातीला चार टाळ्यांची जुळणी घ्या आणि तो फरक जतन करा.

मराठी अक्षरं गोडोट ४ मध्ये नीट जुळतात, फक्त फॉन्ट देवनागरीचा जोडा. गोडोट ३ वर घसरू नका, तिथे ‘सिद्धेश्वर’मधली वेलांटी ‘स’च्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात.