खाणीतल्या मिथेनवर जनरेटर चालवायचा आहे – जाणकारांची मदत हवी

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. गॅस जनरेटर दुरुस्त करतो आणि बायोगॅसवर चालतील असे बदलून देतो. गिऱ्हाइकं बहुतेक डेअरी आणि पोल्ट्रीवाले. आता झारखंडच्या एका ठेकेदाराकडून विचारणा आली आहे. भूमिगत कोळसा खाणीतून पंपाने ओढलेला गॅस तिथे नुसता हवेत सोडतात, त्यावर २५० किलोवॅटचा सेट चालवून द्याल का?

काम घ्यायची मनापासून इच्छा आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटींच्या आसपास. तो जाळून वीज मिळत असेल तर सोडून का द्यायचा?

वीजेचं गणित जमतं. एक घनमीटर शुद्ध मिथेनमध्ये साधारण १० युनिट उष्णता, इंजिनाने ३५ टक्के पकडली तर साडेतीन युनिट वीज. म्हणजे पूर्ण लोडला तासाला सत्तरेक घनमीटर मिथेन. गॅस ३५ टक्क्यांचा असला तर २०० घनमीटर.

घोडं अडलंय ते टक्क्यांवर. बायोगॅसमध्ये मिथेनबरोबर असतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, आणि टक्का घसरला तरी हळूहळू घसरतो. इथे मिथेनबरोबर हवा आहे, ऑक्सिजनसकट. ठेकेदाराने नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला. सकाळपाळीला ३८, रात्रपाळीला २४. एका रकान्यात १९ लिहून खोडलंय आणि वर २९ केलंय. ते खोडलेलं १९ डोक्यातून जात नाही, कारण ५ ते १५ टक्क्यांत मिथेन-हवेचं मिश्रण स्फोटक असतं. आणखी थोडं खाली आलं की पाइपलाइनच बाँब. ठेकेदार म्हणतो, जास्त ओढणारा ब्लोअर लावा. माझ्या मते त्याने भेगांमधून हवाच जास्त येईल.

तर विचारायचं हे की सेट किती टक्क्यांना बंद पाडायचा? टक्का असा वरखाली होताना मिक्सर (इंजिनात गॅस आणि हवा मिसळणारा भाग) कसा सांभाळायचा? आणि पंख्यातून बाहेर पडणाऱ्या खाणीच्या हवेत जो एक टक्क्याहून कमी मिथेन असतो, त्याचं काही करता येतं का? ऑस्ट्रेलियात वेस्ट क्लिफ खाणीत २००७ साली तशा हवेवर ६ मेगावॅटचं वाफेचं टर्बाइन चालवलं, एवढं वाचलंय.

खाणीत माणसं कामाला असतात. अंदाजाने काही बसवून द्यायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिलं.

प्रतिसाद – चंद्रपूरकर

भाऊ, मी भूमिगत खाणीतून निवृत्त झालो. आमच्या वर्धा खोऱ्यातल्या खाणींत गॅस कमी. झारखंडच्या झरिया कोळसापट्ट्याचं तसं नाही. तिथल्या मुनिडीह खाणीत असा प्रयोग पूर्वी झालेला आहे. रांचीच्या सीएमपीडीआयमध्ये (कोल इंडियाची खाण नियोजन संस्था) या विषयाचं माहिती केंद्र आहे, तिथे आधी विचारा.

३० टक्क्यांच्या खाली गॅस वापरूच नका. तो आकडा आला की सेट आपोआप बंद आणि व्हॉल्व्ह बंद, माणसाच्या भरवशावर नको. मिथेनबरोबर ऑक्सिजनचाही सेन्सर ठेवा, हवा शिरली की तो लगेच सांगतो. पंप वॉटर-रिंगचाच (आत पाण्याचं कडं फिरतं तो, ठिणगी पडत नाही) हवा, इंजिनाआधी फ्लेम अरेस्टर (ज्योत पाइपात मागे जाऊ न देणारी जाळी) हवाच.

ब्लोअरबद्दल तुमचं बरोबर आहे. दुखणं बहुतेक बोअरच्या तोंडाशी असतं. केसिंगभोवतीचं (बोअरमधल्या पाइपाभोवतीचं) सिमेंट नीट नसलं की हवा तिथूनच शिरते. गोफातला (कोळसा काढून झाल्यावर छत कोसळलेल्या जागेतला) गॅस ओढत असतील तर टक्का आणखी पडतो. प्रत्येक बोअरचा टक्का वेगळा मागा, कमी असलेल्याचा व्हॉल्व्ह आवळायला सांगा. निम्मं काम तिथेच होईल.

पंख्याची हवा इंजिनाला ज्वलनाची हवा म्हणून देता येते, ऑस्ट्रेलियात दिलीही आहे. पण ते नंतर. आणि धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी खाणवाल्यांनी लेखी दाखवल्याशिवाय नाशिकहून नटबोल्टसुद्धा पाठवू नका.

धागाकर्ता

काका, खूप आभार. बोअरनिहाय आकडे आणि परवानगीची प्रत, दोन्ही आजच मागवतो. ती आल्याशिवाय दरपत्रक देणार नाही.

एक राहिलं. मिथेनसाठी इन्फ्रारेड सेन्सर लावायचा विचार आहे, पण वॉटर-रिंग पंपामागून गॅस ओलाचिंब येणार. सेन्सरआधी नुसता पाण्याचा ट्रॅप पुरतो, की चिलर (गॅस थंड करून ओल काढणारं यंत्र) बसवावा लागतो? कोणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर कृपया सांगा.